चित्राने कोरलेला बांध

नवी दिल्लीत लोधी रोडवरील सीजीओ संकुलात ‘इलेक्ट्रॉनिक्स निकेतन’ नावाची इमारत आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा कारभार येथून चालतो आणि देशातील संगणकीय आपत्तींची दखल घेणारी ‘सर्ट-इन’ ही संस्थाही येथेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये या मंत्रालयाने एक स्पर्धा जाहीर केली. विषय होता भारतीय वेब ब्राउझरची निर्मिती, आणि बक्षिसांची एकूण रक्कम होती ३ कोटी ४१ लाख रुपये. विदेशी ब्राउझर कोणत्या संकेतस्थळाला विश्वासार्ह मानायचे हे स्वतः ठरवतात आणि भारताच्या प्रमाणपत्र-यंत्रणेला त्यात स्थान मिळत नाही, ही अडचण स्पर्धेच्या मुळाशी होती. विश्वास कोणावर ठेवायचा, याचा निर्णय आपल्या हाती असावा, अशी ती भूमिका होती.

त्याच महिन्याच्या २३ तारखेला शोधपत्रकार आनंद मंगनाळे यांच्या आयफोनवर एक संदेश येऊन गेला. तो उघडण्याची गरज नव्हती. कोणताही दुवा दाबावा लागला नाही, कोणतीही परवानगी मागितली गेली नाही. फोनवर त्या दिवशी उपलब्ध असलेली सर्वांत नवी प्रणाली होती. ‘अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल’च्या सुरक्षा प्रयोगशाळेने पुढे या फोनची तपासणी केली, तेव्हा ‘पेगासस’ हे हेरगिरीचे साधन फोनमध्ये शिरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हल्ल्याच्या खुणा त्यात सापडल्या. हल्ला यशस्वी झाला की नाही, हे त्या तपासणीतून निश्चित होऊ शकले नाही.

देशी ब्राउझरची स्पर्धा आणि हा संदेश यांचा परस्परांशी संबंध आहे, असे त्या ऑगस्टमध्ये कोणालाही वाटले नसते. तो संबंध सप्टेंबरमध्ये उघड झाला, आणि तो एका चित्र-स्वरूपातून जात होता.

७ सप्टेंबर २०२३ रोजी अ‍ॅपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. टोरांटो विद्यापीठातील ‘सिटिझन लॅब’ला वॉशिंग्टन येथील एका नागरी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या फोनवर हा हल्ला आढळला होता, त्याला त्यांनी ‘ब्लास्टपास’ असे नाव दिले. चित्रे वाचणाऱ्या अ‍ॅपलच्या आज्ञावलीत दोष असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. चारच दिवसांनी, ११ सप्टेंबरला, गूगलने क्रोम ब्राउझरची तातडीची दुरुस्ती काढली आणि दोष कळवल्याचे श्रेय अ‍ॅपलचा सुरक्षा विभाग व सिटिझन लॅब यांना दिले. १२ सप्टेंबरला फायरफॉक्सची दुरुस्ती आली. एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे ब्राउझरही त्याच रांगेत उभे राहिले. आपापसांत स्पर्धा करणाऱ्या या कंपन्यांच्या घरात एकाच आठवड्यात एकच खिंडार कसे पडले?

उत्तर सोपे होते. या सर्वांच्या पोटात ‘लिबवेबपी’ हे एकच ग्रंथालय होते. संगणकाच्या भाषेत ग्रंथालय म्हणजे तयार आज्ञावलींचा संच; एकाने लिहायचा आणि हजारोंनी वापरायचा. ‘वेबपी’ हे कमी जागेत मावणारे चित्र-स्वरूप गूगलने २०१० मध्ये जाहीर केले. ते वाचण्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली होती, वेगवान होती, म्हणून ती सर्वत्र पोहोचली. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या संशोधन गटातील इयन बीअर यांनी ब्लास्टपासचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. आयफोनवर आलेल्या संदेशाला जोडलेल्या ‘पास’च्या धारिकेत दडवलेले चित्र वेबपी स्वरूपाचेच होते.

हा दोष समजून घ्यायचा तर प्रथम १९५१ सालात जावे लागते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये रॉबर्ट फॅनो माहिती-सिद्धान्ताचा अभ्यासक्रम शिकवत होते. विद्यार्थ्यांना त्यांनी पर्याय दिला होता: अंतिम परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध निवडला. प्रश्न असा होता की, दिलेल्या चिन्हांसाठी कमीत कमी लांबीचे द्विमान संकेत कसे शोधायचे? फॅनो यांनाही त्याचे पूर्ण उत्तर सापडलेले नव्हते. हफमन यांनी ते शोधले आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. जे चिन्ह वारंवार येते त्याला आखूड संकेत द्यायचा, जे क्वचित येते त्याला लांब. आणि कोणताही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात असता कामा नये. सत्तर वर्षांनंतरही चित्रे, ध्वनी आणि धारिका दाबून लहान करण्याच्या अनेक पद्धतींत हीच युक्ती वापरली जाते.

वेबपीचे बिनघट स्वरूप, म्हणजे ज्यात चित्राची कोणतीही माहिती गमावली जात नाही ते, हफमन संकेतांचे पाच संच वापरते: हिरव्या, तांबड्या व निळ्या रंगासाठी प्रत्येकी एक, पारदर्शकतेसाठी एक आणि आधी येऊन गेलेला भाग किती अंतरावर आहे हे सांगण्यासाठी एक. कोणत्या चिन्हाचा संकेत किती लांब, एवढेच चित्राच्या धारिकेत लिहिलेले असते. त्या लांब्या वाचून ब्राउझर मेमरीत एक तक्ता उभारतो. संकेताचे पहिले ८ बिट पाहायचे आणि तक्त्यातून थेट उत्तर उचलायचे. संकेत त्याहून लांब असेल, तर दुसऱ्या पातळीच्या उपतक्त्यात जायचे. संकेताची कमाल लांबी १५ बिट.

आता प्रश्न येतो की, या तक्त्यांसाठी मेमरीत जागा किती राखून ठेवायची? लिबवेबपीच्या लेखकांनी हे मोघमपणे ठरवले नव्हते. संक्षेपणाच्या क्षेत्रातील विख्यात प्रोग्रामर मार्क अ‍ॅडलर यांनी याच कामासाठी लिहिलेले एक साधन वापरून त्यांनी प्रत्येक संचाचा कमाल आकार काढला. २५६ चिन्हांच्या संचाला जास्तीत जास्त ६३० नोंदी, ४० चिन्हांच्या संचाला ४१०, २८० चिन्हांच्या संचाला ६५४. सर्वांत साध्या प्रकारच्या चित्रासाठी बेरीज होते ६३० गुणिले ३, अधिक ४१०, अधिक ६५४, म्हणजे २,९५४ नोंदी. तेवढीच जागा राखली जाई. गणित अचूक होते.

चूक गणिताच्या गृहीतकात होती. हे कमाल आकडे केवळ वैध हफमन संकेतांसाठी खरे आहेत. धारिकेतील लांब्या मुद्दाम अशा लिहिल्या की त्यांतून वैध संच तयारच होऊ नये, तर उपतक्ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जागा मागतात. संच वैध आहे की नाही याची तपासणी आज्ञावलीत होती. परंतु ती पुरी होण्याआधीच तक्ता भरण्यास सुरुवात होत असे. अवैधतेचा निकाल लागेपर्यंत काही नोंदी राखीव जागेच्या पलीकडे लिहून झालेल्या असत.

शेतीच्या भाषेत याला बांध कोरणे म्हणतात. नांगर एक तास पुढे जातो आणि शेजाऱ्याची वीतभर जमीन आपल्या वावरात येते. मेमरीतही प्रत्येक नोंदीच्या शेजारी दुसऱ्या कोणाचे तरी शेत असते. तिथे एखादा आकडा असेल, एखादा पत्ता असेल किंवा पुढे कोणती आज्ञा चालवायची याचा निर्देश असेल. तो निर्देश बदलता आला, की चित्र पाहणाऱ्या यंत्राकडून हल्लेखोराला हवे ते करून घेता येते. सुरक्षाशास्त्रात अशा दोषांना मेमरी-सुरक्षिततेचे दोष म्हणतात.

बांध कोरला जात असताना तलाठी कुठे होता, हा प्रश्न येथे रास्त आहे. लिबवेबपी ‘सी’ या भाषेत लिहिलेले आहे आणि सी भाषेत तलाठीच नाही. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ही भाषा घडवली. त्या काळच्या यंत्रांची मेमरी आज एखाद्या लहानशा चित्रालाही अपुरी पडेल इतकी तुटपुंजी होती. म्हणून सी भाषेत रांगेचा पत्ता मिळतो, तिची लांबी मात्र पत्त्यासोबत येत नाही. मर्यादा सांभाळण्याची जबाबदारी सर्वस्वी लिहिणाऱ्यावर असते. यंत्रणा सांगितलेल्या ठिकाणी निमूटपणे लिहिते.

दुसरा मार्ग तेव्हा ठाऊक नव्हता, असे मात्र नाही. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘अल्गोल ६०’ या भाषेचे जे रूप तयार केले, त्यात रांगेतील प्रत्येक जागेचा क्रमांक मर्यादेत आहे की नाही हे यंत्र दर वेळी तपासत असे. काही वर्षांनी ग्राहकांना विचारण्यात आले की, वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय हवी आहे का? सर्वांनी एकमुखाने नकार दिला. १९८० च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात होअर यांनी ही आठवण सांगितली आणि नंतरच्या भाषांनी हा धडा घेतला नाही याबद्दल खेद व्यक्त केला. १९७२ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी लिहिलेल्या अहवालातही या प्रकारच्या घुसखोरीचे वर्णन आहे. सी भाषेचे आणि तिच्या धोक्याच्या इशाऱ्याचे वय जवळपास सारखेच आहे.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी इशारा प्रत्यक्षात आला. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने तत्कालीन इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली. त्याच्या वाटांपैकी एक होती ५१२ बाइटच्या जागेत ५३६ बाइट लिहिण्याची. चोवीस बाइटांचा बांध कोरला गेला होता. त्यानंतर संरक्षक उपाय एकामागून एक आले. मेमरीतील माहिती आज्ञा म्हणून चालू न देणे, पत्ते दर वेळी बदलत ठेवणे, ब्राउझरच्या प्रत्येक भागाला कोंडीत बसवणे असे ते होते. प्रत्येक उपायाने हल्ला महाग झाला. मूळ दोष मात्र तसाच राहिला, कारण उपाय बांधाच्या भोवती होते आणि बांध मोजण्याची व्यवस्था भाषेतच नव्हती.

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आणि क्रोमच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये आपापल्या नोंदी तपासल्या. दोन्हीकडे एकच प्रमाण निघाले: गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी-सुरक्षिततेचे. जगातील उत्तम प्रोग्रामर, भरपूर पैसा, कडक परीक्षण, आणि तरीही हे प्रमाण. याला वैयक्तिक निष्काळजीपणा म्हणता येत नाही.

लिबवेबपीचा अनुभव हेच अधिक स्पष्ट करतो. या ग्रंथालयावर वर्षानुवर्षे ‘फझिंग’ चालू होते. फझिंग म्हणजे यंत्राने लक्षावधी वेडीवाकडी चित्रे तयार करून आज्ञावलीपुढे टाकायची आणि ती कुठे कोसळते ते पाहायचे. हा दोष त्यात सापडला नाही. प्रोजेक्ट झीरोचे माजी प्रमुख बेन हॉक्स यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचे कारण उलगडले. जागा ओलांडायची, तर आधीचे चार तक्ते वैध राहूनही कमाल आकाराचे भरले पाहिजेत आणि पाचवा तक्ता नेमका अवैध निघाला पाहिजे. यदृच्छेने असे चित्र तयार होणे जवळपास अशक्य. हफमन संकेतांचे गणित जाणणारा माणूस मात्र ते कागदावर मांडू शकतो. हल्लेखोराने तेच केले होते.

याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे दिल्लीने जवळून पाहिले. पेगाससच्या वापराबद्दल जुलै २०२१ मध्ये जगभर वृत्ते आली आणि त्यांतील भारतीय नावांत पत्रकार व राजकीय नेते होते. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते हे तिच्या तीन सदस्यांपैकी एक. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले की, तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये कुठले तरी घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच होते असा निष्कर्ष काढता आला नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हेही न्यायालयात नोंदवले गेले.

पुढचे वर्ष संपता संपता, २८ डिसेंबर २०२३ रोजी, अ‍ॅम्नेस्टीचा नवा अहवाल आला. मंगनाळे यांच्या फोनवरील २३ ऑगस्टचा प्रयत्न त्यात होताच. शिवाय दिल्लीतील ‘द वायर’चे संस्थापक-संपादक सिद्धार्थ वरदराजन यांच्या फोनवर १६ ऑक्टोबरला झालेल्या प्रयत्नाचीही नोंद होती. दोन्ही ठिकाणी हल्लेखोराचा एकच ई-मेल पत्ता आढळला. वरदराजन यांच्या फोनवरील हल्ला यशस्वी झाल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. दोन तारखांच्या मधोमध ७ सप्टेंबर आहे. पहिल्या तारखेला खिंडार खुले होते आणि ते बुजवण्याची कोणतीही दुरुस्ती अस्तित्वात नव्हती. दुसऱ्या तारखेपर्यंत ती येऊन पाच आठवडे उलटले होते. पेगासस बनवणारी इस्रायलची एनएसओ कंपनी आपले साधन केवळ सरकारी यंत्रणांना विकते, असे ती सांगत आली आहे. भारत सरकारने त्याच्या वापरास कधी दुजोरा दिलेला नाही.

मग बांध मोजणारी भाषा शक्य आहे का? मोझिला या फायरफॉक्सच्या संस्थेतील ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ‘रस्ट’ ही भाषा वैयक्तिक प्रकल्प म्हणून सुरू केली. टोनी होअर यांच्याशी त्यांचे केवळ आडनाव जुळते. तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याचा मालक कोण आणि तो किती काळ वापरता येईल, हे रस्टमध्ये आज्ञावली चालण्यापूर्वीच तपासले जाते; रांगेबाहेरचा क्रमांक आला, तर लिहिण्याआधी आज्ञावली थांबते. हफमन तक्त्यातील तीच चूक सुरक्षित रस्टमध्ये झाली असती, तर चित्र दिसले नसते, एखादे पान बंद पडले असते, आणि गोष्ट तिथेच संपली असती. चूक राहते, तिचे रूपांतर घुसखोरीत होत नाही.

२०१७ च्या अखेरीस फायरफॉक्सने पानांची मांडणी-शैली ठरवणारा आपला भाग रस्टमध्ये नव्याने लिहिलेला आणला. क्रोमच्या मूळ प्रकल्पाने जानेवारी २०२३ मध्ये रस्टला दार उघडले. सर्वांत बोलके आकडे अँड्रॉइडचे आहेत. नवी आज्ञावली सुरक्षित भाषांत लिहिण्याचे धोरण स्वीकारल्यावर मेमरी-दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. जुने सर्व पाडून नव्याने बांधावे लागले नाही. नवे बांधकाम बदलले एवढेच. तरीही ब्राउझरांच्या पोटात आजही सी आणि ‘सी प्लस प्लस’ या भाषांतील कोट्यवधी ओळी आहेत.

देशी ब्राउझर स्पर्धेचा निकाल मार्च २०२५ मध्ये नवी दिल्लीत जाहीर झाला आणि ‘झोहो’ कंपनी पहिली आली. या कंपनीचा ‘उला’ ब्राउझर क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायावर, उभा आहे. यात कमीपणा काहीच नाही. एज आणि ब्रेव्हही तिथेच उभे आहेत, आणि संपूर्ण ब्राउझर शून्यातून लिहिणे हे आज जगात मोजक्याच गटांना साधते. पण याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रमाणपत्र सांगते की समोर कोण आहे. समोरून आलेल्या चित्रातील आकडे गणिताचे नियम पाळतात की नाही, हे कोणतेही प्रमाणपत्र सांगू शकत नाही. ब्राउझरवरचा ठसा देशी असला, तरी पोटातील ग्रंथालय सामायिक असते आणि त्यातील खिंडारही सामायिक असते.

म्हणून स्वावलंबनाचा प्रश्न ‘ब्राउझर कोणाचा’ यावर संपत नाही. सामायिक पायाची देखभाल कोण करतो, हा त्यापुढचा प्रश्न आहे. चित्र, ध्वनी आणि अक्षरवळणे वाचणारी ग्रंथालये सुरक्षित भाषांत नव्याने लिहिण्याचे काम जगभर चालू आहे. ते खुले आहे, त्याला संस्थेचा शिक्का लागत नाही, आणि त्यात भर घालणारा विद्यार्थी पुण्यात बसला आहे की नोएडात, याने फरक पडत नाही. परीक्षेऐवजी निबंध निवडणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या युक्तीवर सारे जग चित्रे पाहते, हे या इतिहासातच आहे.

इलेक्ट्रॉनिक्स निकेतनमधून सर्ट-इनच्या सूचना आजही निघतात. क्रोमच्या अमुक आवृत्तीपूर्वीच्या आवृत्त्यांत दोष आहे, त्वरित अद्ययावत करा, अशा आशयाच्या. बहुतेक वाचक त्या न वाचता पुढे जातात. त्यांत ‘बफर ओव्हरफ्लो’, ‘हीप’, ‘मेमरी करप्शन’ हे शब्द दिसले, तर कुठे तरी पुन्हा एक बांध कोरला गेला आहे एवढे समजावे आणि ब्राउझर त्याच दिवशी अद्ययावत करावा. २३ ऑगस्टला ज्याच्या फोनवर संदेश आला, त्याच्याकडे हा पर्याय नव्हता. ७ सप्टेंबरनंतर तो सर्वांकडे होता.